मोहनासाठी घेतलेलं मशीन

डॉक्टरांच्या वेटिंग रूममधला एसी बंद होता, एवढ्याच कारणावरून मी आत गेलो. नाहीतर माझी जागा बाहेरच असते. बायकांच्या डॉक्टरकडे नवरा म्हणजे गाडी पार्क करणारा, फाइल धरणारा आणि मधूनमधून मोबाइलमध्ये बघून चेहरा गंभीर करणारा प्राणी. पण एप्रिल महिना, बडोद्याचं ऊन, आणि वरचा पंखा नुसतीच गरम हवा ढवळत होता. मोहनाचं नाव पुकारलं तसा मीही उठलो.

"तू कशाला?" ती म्हणाली.

"सोबत."

(मी सोबत केली की तिचं काम दुप्पट होतं. हे निरीक्षण तिचं आहे, माझं नाही.)

आत एसी छान होता. डॉक्टर दीप्ती वयाने आमच्यापेक्षा बऱ्याच लहान, पण बोलणं असं की समोरच्याला उगाच लाजायची सोय नाही. मोहना पन्नाशीची. शाळेत गणित शिकवते. वर्गात तिच्यापुढे पोरं चळचळा कापतात. पण त्या दिवशी ती पर्सचा बंद बोटाला गुंडाळत बसली होती आणि हळू आवाजात काहीतरी सांगत होती, ज्यातला 'दुखतं' एवढाच शब्द मला नीट ऐकू आला.

"पाळी गेल्यावर हे होतं," डॉक्टर म्हणाल्या. "कोरडेपणा येतो, त्याने दुखतं. क्रीम लिहून देते. वॉटर-बेस्ड लुब्रिकंट वापरा. आणि एक लहानसा व्हायब्रेटर घ्या, बाहेरून वापरायचा. रक्तप्रवाह सुधारतो. शिवाय आपल्याला काय बरं वाटतं आणि काय नाही, हे आपलं आपल्याला कळतं. घाई करायची नाही."

अशा वेळी माणसाने गप्प बसावं. पण मी एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी ऑफिसर आहे. कुठल्याही यंत्राचं नाव निघालं की माझ्या तोंडून प्रश्न आपोआप बाहेर पडतो.

"किती वॉटचा?" मी विचारलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मिस्टर दिघे, आपण स्लॅब टाकत नाही आहोत."

परत येताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मोहना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू काही आणू नकोस. माझं मी बघते."

आता मला सांगा, बायको 'काही आणू नकोस' म्हणते तेव्हा शहाणा नवरा काय समजतो? मीही तेच समजलो.

त्यात माझा स्वार्थ होता हे उघड आहे. कित्येक महिने आम्ही एका पलंगावर रिझर्वेशन मिळालेल्या दोन अनोळखी प्रवाशांसारखे झोपत होतो. मधे एक लोड. लोड आधी तिच्या पाठीसाठी आला होता, मग तो तिथेच स्थायिक झाला. मला वाटलं, चला, निदान रोग तरी कळला. आणि उपाय यंत्र आहे! यंत्र निवडणं, ते सुरक्षित वापरणं, यात बडोद्यात माझा हात धरणारा कोण आहे?

मी कामाला लागलो. ऑफिसात दार लावून वाचलं, गच्चीवर वाचलं, एकदा संडासात इतका वेळ वाचलं की मोहनाने बाहेरून विचारलं, "इसबगोल देऊ?" आठवडाभरात मी विषयावर व्याख्यान देण्याइतका तयार झालो. स्वस्त, मऊ, रबरासारखा वास येणारा माल घ्यायचा नाही. त्याला बारीक छिद्रं असतात, जंतू घर करतात. मेडिकल ग्रेड सिलिकॉन घ्यायचं. सिलिकॉनच्या वस्तूवर सिलिकॉनचं लुब्रिकंट लावायचं नाही, वस्तू खराब होते, पाण्याचंच हवं. आधी आणि नंतर सौम्य साबणाने धुवायचं, कोरडं करायचं, कापडी पिशवीत ठेवायचं. सुरुवात सगळ्यात कमी वेगावर. दुखलं की बंद. आणि दुसऱ्या कुणाला वापरायला द्यायचं नाही. (हा शेवटचा नियम वाचताना मी हसलो होतो. असलं कोण कुणाला देईल?)

पहिली मोहीम लुब्रिकंटची. आमच्या भागातला केमिस्ट मला ओळखतो, म्हणून मी मांडवीच्या बाजारात गेलो. तिथे एवढी गर्दी असते की माणूस स्वतःलाही सापडत नाही. एका जुन्या दुकानात काउंटरवर कोपर टेकून मी खालच्या आवाजात म्हणालो, "लुब्रिकंट छे?"

मालक कानाने जरा कमी. "शुं?"

"लुब्रिकंट. वॉटर-बेस्ड."

"शेना माटे?" म्हणजे, कशासाठी?

मागे सातआठ माणसं. मला घाम फुटला. "मशीन माटे," मी म्हणालो.

"सिलाईनुं मशीन?" मालकांचा चेहरा उजळला. "अरे भाई, ए अहीं ना मळे! पाणीगेट जाव, पाणीगेट!" इथे मिळत नाही, पाणीगेटच्या बाजारात जा, हे त्यांनी असं ओरडून सांगितलं की पाणीगेटपर्यंत गेलं असावं.

"काय दिघे, शिवणाचं मशीन घेतलंस?" मागून खणखणीत मराठी आवाज. आमच्याच प्लांटमधून रिटायर झालेले हिंमतराव, हातात ब्लडप्रेशरची चिठ्ठी.

"हो."

"वहिनींसाठी?"

"हो."

"हातमशीन की पायमशीन?"

मी म्हणालो, पायमशीन. आणि केवळ हिंमतरावांना पाणीगेटच्या दिशेनेच जायचं होतं म्हणून मी त्यांच्यासोबत गेलो, त्यांच्या देखत शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेतली, आणि घरी आलो. आमच्या घरात शिलाई मशीन नाही.

मग मी सगळंच ऑनलाइन मागवलं. वस्तू निवडायला मला फार वेळ लागला नाही, कारण मी मोटर बघितली. सर्वांत दणकट मोटर असलेलं, पाण्यात बुडवलं तरी चालणारं, जांभळ्या रंगाचं एक मॉडेल मी पसंत केलं. 'पॅकिंग गुप्त राहील' अशी हमी होती. त्यांनी हमी पाळलीही. खोका साधा, तपकिरी, निरागस. फक्त त्यावर चिकटवलेल्या बिलावर ठळक अक्षरांत 'पर्सनल मसाजर' छापलं होतं.

पार्सल आलं तेव्हा मोहना शाळेत होती आणि मी प्लांटवर मॉक ड्रिल घेत होतो. म्हणजे आग लागलेली नसताना शंभर माणसांना पळवत होतो. सायरन वाजत होता, तेवढ्यात शेजारच्या हार्दिकभाईंचा फोन आला. हार्दिकभाई आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. माणूस लाखमोलाचा, फक्त आवाज बारीक.

"सुभाषभाई, तमारुं पार्सल आव्युं छे... मसाजर... बानो खभो... जरा खोलुं?"

मला त्यातलं फक्त 'पार्सल' ऐकू आलं. आईचा खांदा दुखतोय, जरा खोलू का, हे विचारलेलं सायरनमध्ये बुडालं. "हां हां," मी ओरडलो, "तुमच्याकडेच असू द्या!"

त्यांनी ते आपल्या आईकडेच असू दिलं.

संध्याकाळी मी त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा हार्दिकभाईंच्या आई, ज्यांना अख्खी सोसायटी 'बा' म्हणते, झोपाळ्यावर बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या बाई, पांढरी साडी, कपाळावर चंदन. आणि उजव्या खांद्यावर, मान वाकडी करून दाबून धरलेलं, जांभळं, घुर्र घुर्र आवाज करणारं ते. डोळे मिटलेले.

"आवो सुभाषभाई," हार्दिकभाई म्हणाले. "बाचा हात चार महिन्यांपासून वर जात नव्हता. आज वेणी घातली एमणे! आ तो जादू छे, जादू!"

बांनी डोळे उघडले. "दीकरा, सौ वरसनो थजे," त्या म्हणाल्या. शंभर वर्षं जगायचा आशीर्वाद. त्या क्षणी मला पाच मिनिटंही जगायची इच्छा नव्हती.

"बा, ते... माझ्या मानेसाठी मागवलं होतं," मी म्हणालो.

"हा, हा. बे दिवस मारी पासे राखुं, पछी तारी डोक."

दोन दिवस त्यांच्याकडे, मग माझ्या मानेकडे. मी काय बोलणार? पण मी शेवटी सेफ्टी ऑफिसर. काही जबाबदारी आहे की नाही? निघताना दारात वळून म्हणालो, "बा, फक्त खांद्यालाच वापरा हं."

बांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. "तो बीजे क्यां?"

म्हणजे, नाहीतर दुसरीकडे कुठे? मी चपला घालून पळालो.

मी ठरवलं की आता हे मोहनाला सांगायचं नाही. गुपचूप दुसरं मागवायचं. तिसऱ्या दिवशी, सुट्टीच्या संध्याकाळी, आम्ही दोघं चहा घेत होतो. मोहना आदल्या आठवड्यापेक्षा जरा बऱ्या मूडमध्ये होती. (डॉक्टरांचं क्रीम लागू पडत होतं, हे मला नंतर कळलं.) तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिसऱ्या मजल्यावरची रसिका. फिजिओथेरपिस्ट आहे, बडोद्यातच वाढलेली, मोहनाची जुनी विद्यार्थिनी. मोहनाने फोन स्पीकरवर टाकला, कारण ती खारी बिस्किट खात होती.

"मॅम, एक सांगायचं होतं. रागावू नका हं. क्लब हाउसमध्ये बायकांचं भजन चाललंय ना, मी आईंना सोडायला आले होते. तर बा म्हणतायत की हे तुमच्या घरचं आहे. म्हणजे मला विचारायचा काही हक्क नाही, पण मॅम, तुमचं ते... ते भजनात आहे."

"माझं काय भजनात आहे?"

रसिकाने सांगितलं. व्यवस्थित, वैद्यकीय भाषेत. मग म्हणाली, "बा सगळ्यांच्या गुडघ्यांवर लावून बघतायत. लाइन लागलीये."

मोहनाने फोन ठेवला. बिस्किटाचा उरलेला तुकडा बशीत ठेवला. "सुभाष," ती म्हणाली, "उठू नकोस."

मी उठतच होतो.

"मी नको म्हटलं होतं."

"पण डॉक्टर म्हणाल्या..."

"डॉक्टर मला म्हणाल्या. तू एसीत बसायला आला होतास."

"मी किती वाचलं मोहना! सिलिकॉनच्या ग्रेड, मोटर, वॉटरप्रूफिंग... तुला काही अपाय होऊ नये म्हणून..."

"दाखव कुठलं घेतलंस."

मी फोनवर फोटो दाखवला. तिने चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, पसंत पडलं.

"डॉक्टर काय म्हणाल्या होत्या? लहानसा. बाहेरून वापरायचा. हे काय आहे? हे तुमच्या प्लांटमध्ये शोभेल. मला दुखतं म्हणून मी डॉक्टरकडे गेले, सुभाष. दुखतं म्हणून. आणि तू हे आणलंस."

"मोटर चांगली होती," मी म्हणालो.

ती हसली. मी ते हसू आधी कधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा बघायची माझी इच्छा नाही. "हे माझ्यासाठी आणलं होतंस की तुझ्यासाठी?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. दोघांसाठी, असं. पण ते ऐकायला ती थांबली नाही. तिने आपला फोन काढला, भाजी निवडावी इतक्या शांतपणे दोनचार ठिकाणी बोट फिरवलं आणि म्हणाली, "मागवलं. परवा येईल. शाळेच्या पत्त्यावर नाही, घरच्या पत्त्यावर नाही, रसिकाच्या क्लिनिकवर. तू मधे पडायचं नाहीस."

जांभळं मशीन अर्थातच परत मागता आलं नाही. आता ते भजनी मंडळाचं झालं आहे. हार्दिकभाईंनी बहिणीसाठी माझ्याकडे लिंक मागितली, ती मी अजून दिलेली नाही.

मोहनाचं आलं. मी ते पाहिलं. म्हणजे तिने टेबलावर ठेवलं होतं, झाकलं नव्हतं. पेढ्याएवढं होतं. पांढरं, गुळगुळीत, मुठीत मावणारं. माझ्या सगळ्या अभ्यासात असलं काही मी मोजलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "मी आत आहे. दार वाजवू नकोस." कडी लागल्याचा आवाज आला. मी हॉलमध्ये टीव्ही लावला. बातम्यांत चार माणसं एकमेकांवर ओरडत होती. मी आवाज वाढवला. मग वाटलं, तिला त्रास होईल, कमी केला. मग वाटलं, कमी केला तर तिला वाटेल मी कान देतोय, परत वाढवला. असं करता करता रिमोटचं ते बटण आत गेलं ते वर आलंच नाही.

ती बाहेर आली तेव्हा चार वाजत आले असतील. केस सुटे होते. कपाळावरची ती आठी, जी मी तिच्या चेहऱ्याचाच भाग समजत होतो, ती नव्हती. तिने न विचारता माझ्यासाठी चहा टाकला. आलं घातलं. माझ्या शेजारी बसली. समोरच्या खुर्चीत नाही, शेजारी. खांद्याला खांदा लागला.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

तिने चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाली, "बरं वाटलं. दुखलं नाही. मला वाटलं होतं आता ते सगळं संपलं माझं. रडू आलं थोडं." आणि तिने माझ्या हातावर हात ठेवला. "सुभाष, मला वाटतं, हळूहळू..."

त्या 'हळूहळू'च्या पुढे काय होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. कारण नेमक्या त्या वेळी माझ्यातला सेफ्टी ऑफिसर जागा झाला.

"धुवून ठेवलंस ना?" मी म्हणालो. "साबण सौम्य होता ना? आणि कोरडं करून पिशवीत?"

तिने हात काढून घेतला. झटका नाही, राग नाही. टेबलावरून कप उचलावा तसा उचलला आणि आपल्या मांडीवर ठेवला. "हो," ती म्हणाली. "सगळं केलं."

मग आम्ही बातम्या ऐकल्या. फार मोठ्या आवाजात.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी तिने सांगितलं की करजणच्या एका शाळेत प्रिन्सिपलची जागा तिने घेतली आहे. सोमवार ते शुक्रवार तिकडेच राहायचं, खोली बघून झाली आहे, शनिवार-रविवार घरी.

"करजण?" मी म्हणालो. "अगं, करजण हायवेवर तर आहे! तासाभराचासुद्धा रस्ता नाही. रोज जाऊन येऊन करता येईल."

"येईल," मोहना म्हणाली, आणि कपाटातून साड्या काढू लागली.

मी पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. पण तिने तो 'येईल' असा उच्चारला होता, जसं फळ्यावर उत्तर लिहून खाली दोन रेघा माराव्यात. त्यानंतर पोरं वही मिटतात.

निघायच्या दिवशी मी तिची बॅग खाली आणली. गॅलरीतून बा हात हलवत होत्या, आता अगदी डोक्याच्या वर, थेट सरळ. "मोहनाबेन, आवजो!" मी बॅग डिकीत ठेवली, पाण्याची बाटली दिली, टायरमधली हवा बघितली, सीटबेल्ट ओढून बघितला. करण्यासारखं सगळं केलं. आणि मग गाडीच्या खिडकीशी वाकलो.

"बुधवारी येऊ का मी तिकडे?" मी म्हणालो. "म्हणजे, राहायला. एक रात्र. तुला एकटीला..."

मोहनाने खरंच विचार केला. चेष्टा नाही, टोमणा नाही. एखाद्या पोराला काठावर पास करावं की करू नये, असा मनापासून विचार केला. मग तिने पर्स उघडली, आत हात घालून काहीतरी चाचपून खात्री करून घेतली, आणि गाडी सुरू करत म्हणाली,

"नको रे. चार्जर घेतलाय मी."